विद्युद्वाहिन्यांचे वार्धक्य

रेल्वेने दूरचा प्रवास करणाऱ्यास शेतांतून, माळांवरून आणि डोंगरांच्या खांद्यांवरून ओळीने गेलेले लोखंडी मनोरे दिसतात. त्यांच्या आडव्या हातांना चिनी मातीच्या चकत्यांच्या माळा लोंबत असतात आणि त्या माळांना धरून जाड तारा क्षितिजापर्यंत गेलेल्या असतात. श्रोत्यांपैकी बहुतेकांनी हे दृश्य इतक्या वेळा पाहिले असेल, की नदी किंवा डोंगर यांच्याप्रमाणे हे मनोरेही तेथे पूर्वापार उभे आहेत आणि पुढेही तसेच उभे राहतील, असे त्यांना वाटत असल्यास नवल नाही. वस्तुस्थिती मात्र तशी नाही. माणसाने उभारलेल्या प्रत्येक वस्तूप्रमाणे विद्युद्वाहिनीलाही वय असते. तीही झिजते, थकते आणि एके दिवशी तिच्या जागी दुसरी वाहिनी आणावी लागते. तो दिवस कोणता हे वेळेवर ठरवणे आणि ठरल्याप्रमाणे काम पार पाडणे, हा आज साऱ्या जगातील वीजव्यवस्थेपुढचा एक कठीण प्रश्न होऊन बसला आहे.

भारतात वीज लांब अंतरावर वाहून नेण्याचा पहिला मोठा उद्योग १९०२ साली म्हैसूर संस्थानात झाला. कावेरीच्या शिवसमुद्रम् येथील धबधब्यावर वीज निर्माण करून ती सुमारे ९२ मैलांवरील कोलारच्या सोन्याच्या खाणींना पुरवण्यात आली. महाराष्ट्रात ही घटना १९१५ साली घडली. जमशेटजी टाटा यांनी पाहिलेले स्वप्न त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी साकार झाले. लोणावळ्याच्या परिसरात अडवलेले पावसाचे पाणी घाटावरून खोपोलीस उतरले आणि तेथे निर्माण झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांकडे वाहू लागली. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत भाक्रा, हिराकुड, कोयना अशी मोठी धरणे उभी राहिली आणि त्या प्रत्येकापासून नव्या वाहिन्या निघाल्या. आरंभी ही जाळी प्रांतापुरती होती. पुढे ती एकमेकांस जोडली गेली. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी कार्यान्वित झाली, तेव्हा दक्षिणेचे जाळेही उरलेल्या देशाच्या जाळ्याशी एकताल झाले. २०२५ साली देशातील २२० किलोव्होल्ट आणि त्याहून अधिक दाबाच्या वाहिन्यांची एकूण लांबी ४ लक्ष ९० हजार सर्किट-किलोमीटरांहून अधिक भरली. एका मनोऱ्यावरून दोन स्वतंत्र मंडले जात असतील, तर ती दोन धरली जातात. सर्किट-किलोमीटर या मापाचा अर्थ इतकाच.

हा विस्तार अभिमानास्पद आहे यात शंका नाही. नव्या वाहिनीस उद्घाटन असते, कोनशिला असते, वृत्तपत्रांत छायाचित्र असते. परंतु नव्याचे नऊ दिवस संपले, की तीच वाहिनी विस्मृतीत जाते. जुन्या वाहिनीच्या तारा उतरवून नव्या चढवल्याबद्दल कोणी कोनशिला बसवल्याचे सहसा ऐकिवात येत नाही. याचा परिणाम असा, की उभारणीमागे जसा लोकांचा उत्साह असतो, तसा नूतनीकरणामागे नसतो. ते काम पुढच्या वर्षावर, पुढच्या अंदाजपत्रकावर, पुढच्या अधिकाऱ्यावर सहज ढकलता येते. मात्र ते ढकलल्याने वाहिनीची झीज थांबत नाही.

वाहिनी म्हातारी होते म्हणजे नेमके काय होते, हे प्रथम पाहिले पाहिजे. मनोऱ्याचे लोखंड गंजू नये म्हणून त्यावर जस्ताचा थर दिलेला असतो. हा थर हळूहळू उडत जातो. कोकणासारख्या किनारी भागात खाऱ्या वाऱ्याने आणि कारखान्यांच्या परिसरात धुरातील आम्लांनी हे काम अधिक लवकर होते. जमिनीतून वर येणाऱ्या पायाजवळ ओल साचते आणि मनोरा जेथे सर्वांत भक्कम असावयास हवा, नेमका तेथेच तो कुरतडला जातो. तारेची गोष्ट निराळी आहे. उच्च दाबाची तार एकसंध नसून पुष्कळ तारांच्या पिळाची असते. मध्ये पोलादाचा गाभा असतो आणि भोवती ॲल्युमिनियमचे पदर असतात. ॲल्युमिनियम वीज वाहते, पोलाद भार पेलते. वाऱ्याच्या मंद झुळकेनेही ही तार सतत बारीक थरथरत असते. हे कंपन डोळ्यांस क्वचितच दिसते; पण ते वर्षानुवर्षे चालले, की मनोऱ्यावर जेथे तार घट्ट धरलेली असते, तेथे तिचे पदर एकेक करून तुटू लागतात. चिनी मातीच्या चकत्यांवर धूळ, मीठ आणि काजळी यांचा लेप बसतो. तो कोरडा असेपर्यंत निरुपद्रवी असतो. उत्तर भारतातील हिवाळ्याच्या दाट धुक्यात तो भिजला, की त्याच्यावरून वीज ओघळून ठिणगी उडते आणि वाहिनी बंद पडते. अशा धुक्याने उत्तरेकडील वाहिन्या वारंवार बंद पडू लागल्या, तेव्हा तेथे पुष्कळ ठिकाणी चिनी मातीच्या माळा काढून सिलिकॉन रबराच्या विद्युतरोधक दांड्या बसवण्यात आल्या. त्यांच्यावर पाण्याचा सलग पापुद्रा धरत नाही.

याखेरीज प्रत्येक मनोऱ्यावर शेकडो किरकोळ वस्तू असतात: बोल्ट, पट्ट्या, कड्या, पिना आणि माळ टांगण्याचे लोखंडी आकडे. वाहिनीचे आयुष्य तिच्या सर्वांत बळकट भागावरून मोजता येत नाही. या किरकोळ वस्तूंतली जी सर्वांत आधी झिजते, तिच्याएवढेच ते असते.

या गोष्टीचे अत्यंत भयंकर प्रत्यंतर अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यास २०१८ साली आले. त्या राज्याच्या उत्तर भागात फेदर नावाची नदी डोंगरांतून वाहते. तिच्या खोऱ्यातील जलविद्युत केंद्राची वीज मैदानात आणणारी कॅरिबू-पालेर्मो ही ११५ किलोव्होल्टची वाहिनी १९२१ च्या सुमारास उभारली गेली होती. ज्या कंपनीने ती उभारली, ती कंपनी १९३० मध्ये पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या मोठ्या कंपनीच्या ताब्यात गेली. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी सव्वासहाच्या सुमारास या वाहिनीच्या एका मनोऱ्यावर, चकत्यांची माळ टांगलेला एक लोखंडी आकडा तुटला. हा आकडा १९१९ मध्ये ५६ सेंटला विकत घेतलेला होता. जवळजवळ एक शतकभर वाऱ्याने माळ हलत होती आणि आकडा ज्या छिद्रात अडकवला होता, त्याच्या कडेवर घासत होता. घासता घासता तो इतका बारीक झाला, की शेवटी भार त्यास पेलवला नाही. माळ सुटली, विजेने भारलेली तार मनोऱ्याच्या लोखंडास भिडली आणि वितळलेल्या धातूचे थेंब खालच्या वाळलेल्या झुडपांवर पडले. पावसाचा पत्ता नव्हता आणि वारा जोराचा होता. काही तासांतच आग पॅरडाइज नावाच्या गावावर चालून आली आणि ते गाव जवळजवळ संपूर्ण जळाले. ८५ माणसे मरण पावली. त्यांत वृद्धांची संख्या मोठी होती. १८ हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. दीड लाख एकरांहून अधिक प्रदेश होरपळला.

पुढे झालेल्या चौकशीत ज्या गोष्टी उघडकीस आल्या, त्या अपघाताइतक्याच विचार करावयास लावणाऱ्या आहेत. त्या वाहिनीवर पाळत मुळीच नव्हती असे नाही. हेलिकॉप्टरमधून आणि जमिनीवरून तिची पाहणी होत असे. परंतु छिद्रात बसलेल्या आकड्याची आतली झीज दूरवरून दिसत नाही. ती पाहण्यासाठी माणसाला मनोऱ्यावर चढावे लागते, आणि २००१ नंतर त्या विशिष्ट मनोऱ्यावर चढून कोणी पाहणी केल्याची नोंद आढळली नाही. याच वाहिनीचे पाच मनोरे डिसेंबर २०१२ मधील वादळात कोसळले होते. पाचांच्या जागी नवे बसले, पण उरलेल्या वाहिनीचे वय त्यामुळे कमी झाले नाही. १६ जून २०२० रोजी कंपनीने न्यायालयात ८४ मृत्यूंबाबत सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला. एकेका मृताचे नाव वाचले गेले, त्याचे छायाचित्र दाखवले गेले आणि कंपनीच्या मुख्य अधिकाऱ्याने प्रत्येक वेळी ‘गुन्हा मान्य आहे’ असे उत्तर दिले. कायद्याने त्या गुन्ह्यांबद्दल जास्तीत जास्त होऊ शकणारा दंड सुमारे ३५ लाख डॉलर होता. पीडितांच्या भरपाईची रक्कम मात्र अब्जावधी डॉलरांच्या घरात गेली. आग लागली त्यानंतरच्या वर्षी ती वाहिनी कायमची बंद करण्यात आली. म्हणजे तिच्या निवृत्तीचा निर्णय अखेरीस झालाच. तो ८५ माणसे गेल्यानंतर झाला.

मराठीत ‘आकडा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक हिशेबाच्या वहीतला आणि दुसरा लोखंडाचा. जुन्या वाहिनीचा प्रश्न या दोहोंमध्ये पडलेल्या अंतराचा आहे. भारतातही केंद्रीय विद्युत नियामक आयोगाच्या दरविषयक नियमांत पारेषण वाहिनीचे उपयोगी आयुष्य ३५ वर्षे धरलेले आहे. वाहिनी बांधण्यासाठी काढलेले कर्ज साधारणपणे आरंभीच्या काही वर्षांत फिटावे, अशा बेताने घसारा आकारला जातो. त्यानंतर तिचा भार ग्राहकाच्या दरावर कमी पडतो आणि ३५ वर्षांनंतर तर तो अगदीच हलका होतो. हिशेबाच्या दृष्टीने पाहिले, तर म्हातारी वाहिनी ही सर्वांत स्वस्त वाहिनी. तिच्यावरचे कर्ज फिटलेले आहे आणि तिच्यातून वीज वाहतेच आहे. अशा वाहिनीवर नवा पैसा खर्च करावा असे कोणाला का वाटावे? वहीतला आकडा दरवर्षी सुधारत जातो, तर मनोऱ्यावरचा आकडा दरवर्षी बारीक होत जातो. वही ठेवणारा मनोऱ्यावर चढत नाही आणि मनोऱ्यावर चढणाऱ्याला वही पाहावयास मिळत नाही. या दोघांची गाठ घालून देणे, हे व्यवस्थापनाचे खरे काम होय.

येथे कोणी सहज विचारील, की मग सर्व जुन्या वाहिन्या ठरल्या वेळी सरसकट का बदलू नयेत? या प्रश्नाचे उत्तर पैशाच्या अभावापुरते मर्यादित नाही. रस्त्याची एक बाजू खोदली, तर दुसऱ्या बाजूने वाहने सावकाश सोडता येतात आणि गर्दी झाली, तर ती थांबून राहतात. विजेला थांबणे ठाऊक नाही. एक वाहिनी दुरुस्तीसाठी बंद केली, की तिचा भार त्याच क्षणी शेजारच्या वाहिन्यांवर जाऊन पडतो. त्या पुरेशा सशक्त असतील तरच काम सुरक्षित होते.

२०१२ साली या गोष्टीचा अनुभव साऱ्या देशाने घेतला. मध्य प्रदेशातील बीनापासून ग्वाल्हेरमार्गे आग्र्याकडे जाणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या दोन मंडलांपैकी एक, अधिक दाबाचे म्हणजे ७६५ किलोव्होल्टचे करण्याच्या कामासाठी जुलैच्या अखेरीस बंद ठेवलेले होते. काम आवश्यकच होते आणि ते योजनापूर्वक हाती घेतलेले होते. परंतु पश्चिमेकडून उत्तरेकडे जाणाऱ्या विजेचा ओघ उरलेल्या मंडलावर आला. उत्तरेकडील राज्ये आपल्या वाट्याहून अधिक वीज ओढत होती आणि इतरही अनेक वाहिन्या त्या वेळी बंद होत्या. ३० जुलैच्या पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी बीना-ग्वाल्हेर वाहिनीही बंद पडली. तिच्यात दोष काहीच निर्माण झाला नव्हता. तिच्या रक्षणासाठी बसवलेल्या यंत्राने अतिभार हाच दोष समजून तिला तोडले. त्यापाठोपाठ उत्तर भारताचे जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलै रोजी दुपारी, उत्तरेबरोबर पूर्व आणि ईशान्य भारताची जाळीही कोसळली आणि साठ कोटींहून अधिक वस्तीचा प्रदेश विजेवाचून राहिला. रेल्वेगाड्या जागच्या जागी थांबल्या, दिल्लीची मेट्रो बंद पडली, पूर्वेकडील कोळशाच्या खाणींत कामगार काही तास अडकून राहिले. वाहिनी सुधारण्याचे काम हाती घेतले, तेव्हाच सारी व्यवस्था सर्वांत नाजूक झाली होती. रोग्याचे हृदय चालू ठेवूनच त्यावर शस्त्रक्रिया करावयाची, अशातला हा प्रकार आहे.

मुंबईनेही १२ ऑक्टोबर २०२० रोजी असाच धडा घेतला. त्या दिवशी सकाळी शहराकडे वीज आणणाऱ्या ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्या एकामागून एक बाद झाल्या. कळवा, पडघे आणि खारघर या उपकेंद्रांच्या परिसरात हा प्रसंग घडला. दहाच्या सुमारास लोकलगाड्या थांबल्या आणि शहराचा फार मोठा भाग अंधारात गेला. संकटाच्या वेळी मुंबईने बाहेरच्या जाळ्यापासून अलग होऊन आपल्याच केंद्रांच्या विजेवर तगावे, अशी व्यवस्था पूर्वीपासून केलेली होती. ती त्या दिवशी उपयोगी पडली नाही. शहराची विजेची भूक वाढत गेली, तशा तिच्याकडे येणाऱ्या वाटा वाढल्या नव्हत्या, हे त्या निमित्ताने स्पष्ट झाले. खारघर-विक्रोळी ही ४०० किलोव्होल्टची वाहिनी पूर्ण होण्यास २०२३ साल उजाडले. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा प्रकार असला, तरी विहीर खणली गेली, हेही नमूद केले पाहिजे. पर्यायी वाट असेल तरच जुनी वाट दुरुस्तीसाठी बंद करता येते. या दृष्टीने पाहता जुन्या वाहिनीच्या नूतनीकरणाची पहिली पायरी पुष्कळदा दुसरीच वाहिनी बांधणे ही असते.

प्रत्यक्ष काम कसे चालते, हेही जाणून घेण्यासारखे आहे. त्याचे साधारणपणे तीन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात मनोरे आणि तारा तशाच ठेवून माळा, आकडे, कड्या आणि मनोऱ्याच्या शिखरावरून जाणारी, आकाशातली वीज झेलणारी तार बदलतात. आता या शिखरावरच्या तारेच्या पोटातच प्रकाशतंतू घातलेले असतात, त्यामुळे तीच तार उपकेंद्रांमधले संदेशही वाहते. दुसऱ्या प्रकारात मनोरे तेच राहतात, पण मुख्य तारा बदलल्या जातात. आपल्याकडच्या तारांची नावे मोठी मौजेची आहेत. ब्रिटिश रिवाजाप्रमाणे ती जनावरांवरून ठेवलेली आहेत: मूस, झेब्रा, पँथर, वुल्फ. या पारंपरिक तारा साधारणपणे ७५ ते ८५ अंश सेल्सिअस तापमानापर्यंत चालाव्यात असे धरलेले असते. त्याहून अधिक वीज सोडली, तर तार तापते, लांबते आणि जमिनीकडे झोळ खाते. ४०० किलोव्होल्टची तार जमिनीपासून निदान ८.८४ मीटर उंच राहावी असा नियम असल्याने हा झोळ फार वाढू देता येत नाही. नव्या प्रकारच्या तारांचा गाभा कार्बनच्या धाग्यांचा किंवा विशेष मिश्रधातूचा असतो. तो तापूनही फारसा लांबत नाही. अशी तार १५० अंशांच्या पुढेही चालते आणि त्याच मनोऱ्यांवरून जवळजवळ दुप्पट वीज वाहून नेते. जुनी तार काढताना तिच्याच टोकाला नव्या तारेचे टोक जोडतात, प्रत्येक मनोऱ्यावर कप्पी बसवतात आणि एका बाजूने जुनी ओढून घेत असता दुसऱ्या बाजूने नवी आत येते. जुनी तार जाता जाता नव्या तारेस वाट दाखवते. उतरवलेले ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा उपयोगात आणता येते. तिसरा प्रकार सर्वांत अवघड. त्यात मनोरे पाडून त्याच पट्ट्यात अधिक उंच आणि अनेक मंडले वाहणारे मनोरे उभे करावे लागतात.

यांतील काही कामे वीज चालू असतानाही केली जातात. त्यासाठी कामगार विजेस वाट देणाऱ्या धाग्यांनी विणलेला पोशाख अंगात घालतो आणि सर्व बाजूंनी अलग ठेवलेल्या साधनावरून तारेपर्यंत जातो. तारेवर बसलेल्या पक्ष्यास जसे काही होत नाही, तसेच तार आणि त्याचे शरीर एकाच दाबावर आल्यामुळे त्यासही काही होत नाही. मात्र त्याने त्याच क्षणी मनोऱ्यास हात लावता कामा नये. हे शिक्षण देणारे केंद्र बंगळूर येथे आहे. जमिनीपासून दहा-पंधरा मजल्यांच्या उंचीवर, उन्हात तापलेल्या लोखंडावर, कमरेच्या पट्ट्याच्या आधाराने काम करणाऱ्या या लाईनमनांची नावे कोणत्याही कोनशिलेवर नसतात. कॅलिफोर्नियातील तो आकडा जर कोणी वेळेवर पाहू शकला असता, तर तो असाच मनोऱ्यावर चढलेला एखादा माणूस. विमाने, दूरनियंत्रित उडती यंत्रे आणि उष्णता टिपणारे कॅमेरे आज त्याच्या मदतीस आले आहेत, आणि ते यावयासच हवेत. पण बारीक झालेल्या लोखंडाकडे पाहून ‘हे आता बदला’ असे म्हणणारा डोळा अनुभवाचाच लागतो. आणि तसे म्हणणाऱ्याचा अहवाल वाचणारा कोणी तरी कचेरीत असावा लागतो.

यात आणखी एका पक्षाचा विचार झाला पाहिजे. तो पक्ष म्हणजे मनोरा ज्याच्या शेतात उभा आहे तो शेतकरी. वाहिनीसाठी जमीन सहसा विकत घेतली जात नाही. मालकी शेतकऱ्याकडेच राहते; पण ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीखालील सुमारे ४६ मीटर रुंदीच्या पट्ट्यात त्याला घर बांधता येत नाही की उंच झाडे लावता येत नाहीत. अनेक दशके १८८५ सालच्या तार कायद्याचे अधिकार वापरून असे मनोरे उभे राहिले आणि मोबदला बहुतांशी पिकांच्या व झाडांच्या नुकसानीपुरता मिळत गेला. २०१५ मध्ये केंद्र सरकारने मनोऱ्याच्या पायथ्याच्या जमिनीबद्दल तिच्या मूल्याच्या ८५ टक्के आणि तारांखालील पट्ट्याबद्दल जास्तीत जास्त १५ टक्के भरपाई सुचवली. २०२४ मध्ये हे प्रमाण अनुक्रमे २०० आणि ३० टक्के करण्यात आले. ज्याच्या आजोबांच्या शेतात एका पिढीपूर्वी मनोरा आला, त्याच्याच शेतात नूतनीकरणासाठी पुन्हा यंत्रे, गाड्या आणि माणसे येतात, तेव्हा तो जुना हिशेब मनात ठेवूनच त्यांच्याकडे पाहतो. त्याला आडमुठा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु पहिल्या वेळी त्याच्या कुटुंबास न्याय मिळाला असता, तर दुसऱ्या वेळी बांधावर वाद झाला नसता. शिवाय पूर्वी जेथे माळरान होते, तेथे आता पुष्कळ ठिकाणी वस्त्या झाल्या आहेत. तारांखाली घरे आली आहेत. त्यांतील माणसे कोठे जावीत, हाही नूतनीकरणाच्या खर्चातलाच प्रश्न आहे.

मग करावे काय? सर्वप्रथम, प्रत्येक वाहिनीचे वय वर्षांत मोजण्याबरोबरच भागांत मोजले पाहिजे. एकाच वर्षी उभ्या राहिलेल्या दोन वाहिन्यांपैकी एक कोरड्या पठारावर आणि दुसरी समुद्रकाठी असेल, तर त्या समवयस्क नव्हेत. कोणता मनोरा कधी तपासला, कोणी चढून पाहिला, कोणता आकडा कधी बदलला, याची जन्मपत्रिका असावी आणि ती कंपनी बदलली तरी वाहिनीबरोबर जावी. कॅलिफोर्नियातील वाहिनी एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेली आणि जवळजवळ शंभर वर्षे चालली. पण तिच्यावरील लहानशा लोखंडाची आठवण कोणी बरोबर नेली नाही. दुसरे असे, की जुनी वाहिनी स्वस्तात वीज वाहत असते, त्याच वर्षांत तिच्या उत्तराधिकाऱ्यासाठी काही रक्कम बाजूला पडावी. त्याने वीज किंचित महाग होईल. परंतु आजची स्वस्त वीज जर पुढच्या पिढीच्या सुरक्षिततेतून कापून घेतलेली असेल, तर ती स्वस्त नव्हे, उधारीची आहे. तिसरे, नूतनीकरणासाठी वीज बंद ठेवावी लागणार असेल, तर तिची वेळ विजेची मागणी कमी असलेल्या ऋतूत धरावी, शेजारच्या वाहिन्यांची शक्ती आधी पारखावी आणि लोकांना मोकळेपणाने सांगावे. दोन दिवसांचा पूर्वसूचित अंधार लोक सहन करतात. न सांगता आलेला दोन तासांचा अंधार त्यांचा विश्वास घालवतो.

देश सूर्य आणि वारा यांच्या विजेकडे वळत असताना या प्रश्नाची निकड वाढतच जाणार आहे. राजस्थान आणि गुजरातच्या उजाड प्रदेशांतून आलेली दुपारची वीज शेकडो मैल दूरच्या शहरांत न्यावयाची, तर नव्या वाहिन्या लागतीलच. पण ती वीज अखेर ज्या वाहिन्यांतून गावागावांकडे वळेल, त्यांत जुन्यांचाही मोठा वाटा असेल. नव्या वाहिन्यांचे बळ जुन्यांच्या दुबळेपणाने बांधले जाईल.

वाहिनीचे नूतनीकरण वेळेवर झाले, तर दुसऱ्या दिवशी काहीही घडत नाही. दवाखान्यातील यंत्र चालू राहते, पिठाची गिरणी चालू राहते, विद्यार्थी दिव्याखाली अभ्यास करीत राहतो, आणि वादळाच्या रात्री डोंगरातला मनोरा आपल्या जागी उभा असतो. ज्या कामाचे यश काहीही न घडण्यात आहे, त्याची मागणी लोक आपण होऊन करीत नाहीत. म्हणून ते काम कोणाच्या उत्साहावर सोडून चालत नाही. ते नियमाने, निधीने आणि ठरलेल्या तारखेने बांधून घ्यावे लागते. नागरिकांपुरते बोलावयाचे, तर पुढच्या वेळी ‘देखभालीसाठी वीज बंद’ अशी सूचना वाचताना कपाळास आठी पडण्यापूर्वी त्यांनी एवढेच आठवावे, की त्या घटकेस कोणी तरी मनोऱ्यावर चढून एक लोखंडी आकडा हातात धरून पाहत असेल.